सात तारीख आणि वीस तारीख

थेरगावात पूर्वी महिना एक तारखेला सुरू होत नसे, सात तारखेला व्हायचा. १९३६च्या वेतन कायद्यानं हजारापेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला सात तारखेची आणि त्याहून मोठ्याला दहा तारखेची मुदत दिलेली, पण गल्लीच्या बोलण्यात सगळ्यांची ‘सात तारीख’च. त्या संध्याकाळी पदमजी पेपर मिलच्या बाजूनं आणि चिंचवडच्या पुलावरून सायकली यायच्या नि किराण्याच्या दुकानापुढं घोळका जमायचा. सामान घ्यायला नव्हे, खातं मिटवायला. दुकानदार काका लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडकी वही मांडीवर घेत, पान काढून रक्कम पुटपुटत आणि पैसे मोजून झाले की त्या पानावर आडवी रेघ मारत. पैसे पुरते आले नाहीत तर रेघ अर्ध्यावर थांबे. बाकी किती राहिली हे मोठ्यानं कुणी बोलत नसे. ज्याची रेघ अर्धी, त्याला ती दिसलेली असायची.

आज त्याच गल्लीत धास्ती असते ती वीस तारखेची. अकराला विक्रीची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर चढवायची, वीसला ३बी रिटर्न भरायचं, चुकलं की दिवसाच्या हिशेबानं लेट फी. पगार केव्हाच परस्पर बँकेत पडलेला असतो. किराण्याच्या काउंटरवरचा डबा ‘प्राप्त हुए’ म्हणून हिंदीत ओरडतो आणि काकांचा मुलगा मान वरसुद्धा करत नाही.

या दोन तारखांच्या मधे चाळीसेक वर्षं गेली. छोट्या धंदेवाल्यानं ‘डिजिटल व्हावं’ म्हणून या काळात कितीतरी शिबिरं भरली, योजना निघाल्या, चकचकीत पत्रकं वाटली गेली. काही शिबिरांना मीही समोसा-चहासकट बसलोय. पण आमच्याकडं जे बदललं ते कुणी बदललं, हे आठवायला लागलं की शिबिरातला तो टाय घातलेला माणूस काही केल्या डोळ्यांपुढं येत नाही. येतात ती सगळी गल्लीतलीच तोंडं.

आमची शेड गणेशनगरच्या बाजूला होती. पत्र्याची, पाऊस आला की आतलं बोलणं बंद. दोन लेथ, एक ड्रिल, एक जुनं मिलिंग. वडील मूळचे टर्नर. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग पिंपरी-चिंचवडात ब्लॉक पडले, टेल्को आली, बजाज आली, आणि त्यांना लागणारे बुश, पिना, ब्रॅकेट बनवणारी माणसं भोसरीपासून थेरगावपर्यंत पसरली. एमआयडीसीत प्लॉट मिळाला तो कारखानदार, गुंठ्यावर पत्रा ठोकला तो शेडवाला. आम्ही शेडवाले.

वडिलांच्या व्हिजिटिंग कार्डावर फोन नंबरापुढं ‘पी.पी.’ छापलेलं होतं. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं: फोन शेजारच्या मेडिकलवाल्याचा, काम आमचं. कंपनीच्या परचेसमधून फोन आला की मेडिकलवाला पोऱ्याला पिटाळायचा. वडील कॉटन वेस्टनं हात पुसत पळायचे, तरी ग्रीस राहायचंच, म्हणून रिसीव्हर दोन बोटांच्या चिमटीत धरून बोलायचे. पलीकडचा माणूस तेवढा वेळ थांबला तर ऑर्डर मिळायची. मेडिकलवाल्यानं या सेवेचा एक पैसा घेतला नाही. दसऱ्याला सोनं द्यायला आम्ही आधी त्याच्याकडं जात होतो, एवढंच. छोट्या उद्योगाला संपर्काचं साधन पुरवणारी ही बहुधा सर्वांत स्वस्त योजना असावी, आणि तिचं उद्घाटन कुणी केलं नव्हतं.

पुढं पुण्याचा ०२१२ जाऊन ०२० आला, एसटीडीचे पिवळे बूथ आले, मोबाइल आला. सुरुवातीला आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, त्यामुळं वडील खिशातला मोबाइल वाजला की नंबर बघून बंद करायचे आणि बूथवर जाऊन फोन लावायचे! २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि त्यानंतर एका महिन्यात टेम्पोवाल्यांनी स्वतःची भाषा तयार केली. एक मिस्ड कॉल म्हणजे माल गेटवर पोचला. दोन म्हणजे गेटवर अडवलाय, मालकानं यावं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मला या सगळ्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे, आणि ती मी चारचौघांत सांगतोही. ज्यात शेडवाल्याचा स्वतःचा फायदा आहे ते तो आठवड्यात शिकतो, मग यंत्र कितीही अवघड असो. शिबिर भरवावं लागतं ते दुसऱ्याचा फायदा त्याच्या गळ्यात मारायचा असतो तेव्हा.

सीएनसीचंच बघा. यापेक्षा अवघड यंत्र आमच्या शेडमध्ये त्याआधी आणि त्यानंतर आलं नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सहकारी बँकेचं कर्ज काढून वडिलांनी जुनं सीएनसी लेथ घेतलं. चालवायला आला तो आयटीआय झालेला, बार्शीकडचा एक मुलगा. इंग्रजी वाचताना अडखळायचा, पण प्रोग्रॅम शाळेच्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं लिहायचा. जी शून्य एक म्हणजे सरळ कट, जी शून्य दोन म्हणजे गोलाई, एम शून्य तीन म्हणजे स्पिंडल सुरू. एका चौकटीत एक अंक, म्हणजे दशांश चिन्ह सटकत नाही. वहीतला प्रोग्रॅम तो कंट्रोलच्या कळा दाबून एकेक ओळ आत घालायचा, पहिला पीस हवेत चालवून बघायचा, म्हणजे टूल जॉबपासून लांब ठेवून नुसती चाल बघायची, आणि मगच बार लावायचा. नंतर जुना कॉम्प्युटर आणि आरएस-२३२ची केबल आली, तेव्हाही वही सुटली नाही. ‘कॉम्प्युटर बंद पडला तर?’ हा त्याचा सवाल होता, आणि कॉम्प्युटर बंद पडायचाच.

त्यात आमचा गुरुवार. बाहेरच्याला सांगावं लागतं की पिंपरी-चिंचवडचा रविवार गुरुवारी असतो. विजेचा ताण वाटून घ्यायला उद्योगांच्या सुट्ट्या निरनिराळ्या वारी लावून दिल्या होत्या, आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. कारखाने बंद म्हणून मग दुकानंही बंद, लग्नाची बोलणी गुरुवारी, डोहाळजेवणं गुरुवारी, शेडची साफसफाई गुरुवारी. सीएनसीच्या कंट्रोलमध्ये एक छोटी बॅटरी असते. वीज गेली तरी यंत्राची सगळी मापं, सेटिंगं ती धरून ठेवते. ती बदलायची असते यंत्र चालू असताना. शेजारच्या एका शेडमध्ये कुणा हौशी माणसानं गुरुवारी वीज नाही, फुरसत आहे, म्हणून जुनी बॅटरी काढून ठेवली आणि नवी आणायला बाजारात गेला. परत येईस्तोवर यंत्र स्वतःला विसरलं होतं. मग कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर येईपर्यंत ते धूळ खात पडलं. ही बातमी संध्याकाळपर्यंत थेरगाव-काळेवाडीतल्या झाडून सगळ्या शेडमध्ये पोचली, आणि त्यानंतर निदान माझ्या माहितीत तसली बॅटरी परत कुणी बंद यंत्रातून काढली नाही. असं प्रशिक्षण कुठल्या वर्गात मिळत नाही.

हे सारं आम्ही का शिकलो? कारण रिजेक्शन कमी झालं. लेथवर हातानं काढलेल्या शंभर पिनांत पाचसहा परत यायच्या, सीएनसीवरच्या शंभरच्या शंभर जाऊ लागल्या. फायदा त्याच लॉटला दिसला. अनुदानाचं पत्रक दाखवायची गरज पडली नाही.

ऑफिसात कॉम्प्युटर यायला मात्र त्यानंतरही बराच काळ गेला, आणि इथं थेरगावचा भूगोल मजेशीर आहे. डांगे चौकात सकाळी नऊला उभं राहा. एकीकडं हिंजवडीला जाणाऱ्या आयटी कंपन्यांच्या काचबंद बसगाड्या, दुसरीकडं चिंचवड-भोसरीला निघालेले, लोखंडी क्रेट लादून मागून दबलेले तीनचाकी टेम्पो, आणि त्या दोघांच्या मधून रस्ता काढणारे आपण. राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहिल्यापासून हे चालू आहे. जगभरच्या बँकांची सॉफ्टवेअरं आमच्यापासून पाचसात किलोमीटरवर लिहिली जात होती, आणि आमच्या शेडमध्ये चलन तीन प्रतींत, मधे दोन कार्बन घालून, बॉलपेन दाबून लिहिलं जात होतं. तिसरी प्रत वाचता यायची नाही. नेमकी तीच आमच्याकडं राहायची.

या दोन जगांची गाठ पडली ती भाडेकरूंमुळं. आयटीतल्या पोरांना राहायला जागा हवी होती, शेडवाल्यांना आणि जुन्या गावकऱ्यांना वर मजला चढवायचा होता. खाली लेथ, वर भाडेकरू. आवाजाची तक्रार घेऊन खाली उतरलेल्या अशाच एका विदर्भातल्या मुलानं आमची चलनबुकं बघितली आणि पुढच्या सुट्टीला एक्सेलची शीट करून दिली. आलेला कच्चा माल, गेलेला तयार माल, शिल्लक, स्क्रॅप. वडिलांनी त्याला त्या महिन्याचं भाडं माफ केलं. खाली लिहिलेलं सूत्र पुसलं जाऊ नये म्हणून त्यानं काही चौकटी पिवळ्या केल्या होत्या आणि ‘पिवळ्याला हात लावायचा नाही’ असं मॉनिटरवर मराठीत चिकटवलं होतं. तो मुलगा पुढं अमेरिकेत गेला. ती शीट आमच्याकडं पुष्कळ वर्षं चालली, कारण पिवळ्याला कुणी हात लावला नाही.

हिशेबाचं काम मात्र भाडेकरूनं होण्यातलं नव्हतं. ते केलं मुलींनी. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, पुढच्या वर्षी एमएस-सीआयटी सुरू झालं, आणि सरकारी नोकरीला ते लागतं म्हटल्यावर थेरगावातल्या प्रत्येक चौकात, जिन्याखालच्या खोलीतसुद्धा, क्लास निघाले. एमएस-सीआयटीच्या जोडीला टॅली शिकवायचे. सरकारी नोकरी कितींना लागली कुणास ठाऊक. ज्यांना लागली नाही त्यांनी थेरगावचे धंदे सांभाळले हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टॅली मूळचं बंगळूरूच्या गोएंका बापलेकांचं, १९८६ सालचं. आमच्याकडं ते पहिल्यांदा आलं ते कॉपी मारूनच, हे आता सांगायला हरकत नाही. त्या काळी इथं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर मी तरी फारसं पाहिलं नाही.

आमच्याकडं येणाऱ्या ताई तेव्हा विशीत होत्या, क्लास संपवून नुकत्या कामाला लागलेल्या. त्या एकाच दिवशी चार शेड करायच्या. आल्या की आधी पंखा स्वतःकडं वळवायच्या, मग दोऱ्यानं बांधलेला बिलांचा गठ्ठा सोडायच्या. खरेदीला एफ नऊ, विक्रीला एफ आठ, पैसे दिले एफ पाच, आले एफ सहा. माऊसला त्या हात लावत नसत. वडील शेजारी बसून वहीतल्या किर्दीशी ताळा बघायचे, आणि संध्याकाळी दोन्ही बेरजा जुळल्या की त्यांना जरा वाईटच वाटायचं, असं मला वाटे. रुपयाभराचा फरक निघाला की मात्र खूश. बहुतेकदा चूक वहीत निघायची.

सरकारनं करपद्धती बदलली तेव्हाही धावून आल्या त्या ताईच. १ एप्रिल २००५ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला, १ जुलै २०१७ला व्हॅट जाऊन जीएसटी. मधे १ एप्रिल २०१३ला पिंपरी-चिंचवडची जकात संपून एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तो गाजला आणि गेलाही. जकातीबद्दल मात्र मला काडीचंही स्मरणरंजन नाही. चाकण महापालिकेच्या हद्दीबाहेर. तिकडून माल आत आला की नाक्यावर टेम्पो रांगेत. चलनावरचा एक अंक खोडलेला दिसला तरी अर्धा दिवस गेला म्हणून समजा, आणि दिवस वाचवायचा उपाय सगळ्यांना माहीत होता. आता ई-वे बिल मोबाइलवर निघतं आणि टेम्पो थांबत नाही. महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालाला ते २५ मे २०१८पासून लागू झालं. ‘पूर्वी सगळं कसं छान होतं’ म्हणणाऱ्याला मी तो नाका आठवून देतो.

पण त्याच जीएसटीनं शेडवाल्याच्या गळ्यात एक नवीन दोरी बांधली. आम्ही रिटर्न भरलं नाही तर गिऱ्हाईक कंपनीला तिचं क्रेडिट दिसत नाही, म्हणून ती आमच्या बिलातली कराची रक्कम दाबून ठेवते. वर्षाला वीस लाखांच्या आतलं जॉबवर्क असेल तर कायद्यानं नोंदणीची सक्ती नाही; पण नोंदणी नसली तर मोठा कारखाना कामच देत नाही, म्हणून दोन लेथवालाही नोंदणी करतो. रिटर्न उशिरा भरणाऱ्याची बदनामी पूर्वीच्या अर्ध्या रेघेपेक्षा वाईट. ती रेघ गल्लीनंच बघितलेली असे. ही प्रत्येक गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर दिसते.

व्हॉट्सॲपनं ड्रॉइंग यायला लागलं तेव्हा मला कोण आनंद झाला होता. त्याआधी अमोनिया प्रिंट असायच्या. गुंडाळी उलगडली की डोळ्यांत पाणी यायचं. लेथशेजारी खिळ्याला ड्रॉइंग टांगलेलं, कूलंटचे डाग पडून खालचा कोपरा हिरवा झालेला, आणि तरी त्यावरचा रिव्हिजन नंबर तपासायला माणूस कंपनीत जायचा. आता तो फेरा गेला. पण फोनवरून काढलेला फोटो पाठवताना बारीक होतो, आणि पॉइंट शून्य दोन आणि पॉइंट दोन यांत जे अंतर आहे तो अख्खा लॉट असतो. आमच्याकडं आता नियम आहे: फोटोवरून यंत्राला हात लावायचा नाही, पीडीएफ मागायची. समोरचा चिडतो. चिडू दे.

सगळ्याच संस्थांनी नुसती पत्रकं वाटली असं म्हणणं अन्यायाचं होईल. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये मोजमापाची, चाचणीची, नमुना पीस झटपट बनवून बघायची यंत्रं तासाच्या हिशेबानं वापरायला मिळाली. ती विकत घ्यायची म्हटली तर आमच्यासारख्यानं शेड विकली असती. गिऱ्हाईक मागत होतं मापांचा रिपोर्ट, तो तिथं मिळत होता, म्हणून लोक आपणहून गेले. मराठा चेंबर तर १९३४ सालचं. त्यांच्या कार्यक्रमांतून मी जे घेऊन आलो ते व्यासपीठावरचं थोडं आणि चहाच्या टेबलावर दुसऱ्या शेडवाल्यानं सांगितलेलं फार.

रस्त्यावरच्या धंद्याची गोष्ट आणखी वेगळी. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ची. यूपीआय त्याच वर्षी निघालेलं, पण डांगे चौकातल्या भाजीवाल्या मावशींकडं त्या हिवाळ्यात लगेच काही क्यूआर आला नाही, आली उधारी. ‘राहू दे, उद्या दे’ म्हणून त्यांनी निम्म्या सोसायटीला भाजी घातली. क्यूआर हळूहळू आला आणि कोरोनात पक्का झाला. जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी आलं. सुरुवातीच्या वर्षांतल्या अटी अशा: फेरीवाल्याला दहा हजारांचं बिनतारण कर्ज, वेळेवर फेडलं की वीस हजार, मग पन्नास हजार, व्याजात सात टक्के सवलत, आणि डिजिटल व्यवहार केले तर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परत. ही योजना मला आवडते. मावशींना त्यात स्वतःचा फायदा दिसला म्हणून त्या शिकल्या. फॉर्म मात्र भरला मोबाइल रिचार्जच्या दुकानातल्या पोरानं. आधारला जोडलेला नंबर कुठला, ओटीपी कुणाच्या फोनवर येतोय (तो गावाकडच्या भावाच्या फोनवर येत होता), हे सगळं त्यानं निस्तरलं. क्यूआर मावशींच्या नावचा, पैसे मुलाच्या खात्यात, असा प्रकारही त्यानंच शोधून काढला आणि मावशींना बाजूला घेऊन सांगितला. मुलाला ते आवडलं नाही.

या डब्यांनी आणि कोडांनी एक मोठी गोष्ट केली: छोट्या माणसाची आवक दिसायला लागली, आणि आवक दिसली की बँक दारात उभं करते. वडिलांना कर्ज मिळालं ते बँकेच्या संचालकाला गावाकडचा कुणीतरी ओळखत होता म्हणून. माझ्या भाच्याला मिळालं ते जीएसटीची रिटर्न आणि बँक स्टेटमेंट बघून. त्याला कुणी विचारलं नाही की तू कुणाचा. हे चांगलं झालं, निःसंशय. पण १९८९ मध्ये टेल्कोचा संप चिघळला, पगार थांबले, तेव्हा किराणावाल्या काकांनी आमच्या गल्लीतल्या कामगारांची खाती चालू ठेवली होती. त्या महिन्यांत आवक कुणाचीच दिसत नव्हती. काकांनी बघितलं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि ते आजच्या कुठल्या स्टेटमेंटमध्ये येत नाही. काकांचे त्यात बुडालेही थोडेफार. किती, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

आता पेमेंट. इथं तेव्हा आणि आता यांची तुलनाच करता येत नाही, कारण बदललंच काही नाही. पूर्वी माल घेऊन गेटवर जायचं, इनवर्डचा शिक्का घ्यायचा, स्टोअरकीपरपुढं उभं राहायचं. त्याला दिवाळीत मिठाईचा खोका लागायचा, पण चलनात चूक दिसली तर तो पेन पुढं करून ‘इथं दुरुस्त करून सही करा’ म्हणायचा. आता माल निघायच्या आधी गिऱ्हाइकाच्या पोर्टलवर एएसएन (माल येत असल्याची आगाऊ सूचना) टाकायचा, बारकोड छापून क्रेटला लावायचा, बिल अपलोड करायचं. एक अंक चुकला की पोर्टल लाल होतं, आणि लाल झालेल्या पोर्टलला पेन पुढं करता येत नाही. म्हणजे त्यांच्या स्टोअरमधला माणूस पगार घेऊन जे काम करायचा, ते आता आमचा माणूस आमच्या पगारावर करतो. शिबिरं सर्वांत जास्त कशाची झाली? पोर्टलची.

बिल क्षणात पोचतं. पैसे नव्वद दिवसांनी, कधी एकशेवीस. २००६चा कायदा सांगतो की छोट्या उद्योगाला जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीनं व्याज. २०१७ मध्ये तक्रारीसाठी समाधान पोर्टल निघालं. १ एप्रिल २०२४पासून प्राप्तिकरातही तरतूद आली: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी दाखवता येत नाही. त्यावर आमच्या एका गिऱ्हाइकाकडून निरोप आला की तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग असल्याची नोंद, काढून टाकलीत तर बरं. तक्रार करणाऱ्याला व्याज मिळेल; पुढची ऑर्डर मिळणार नाही, हे बाजूच्या शेडच्या कुत्र्यालाही कळतं.

ट्रेड्स नावाची व्यवस्था यावरचा खरा उपाय आहे, आणि ती उत्तम आहे. रिझर्व्ह बँकेच्या परवान्यानं चालते, पहिला मंच २०१७च्या जानेवारीत सुरू झाला. आपण बिल चढवायचं, कंपनीनं ते मान्य करायचं, की बँका त्यावर बोली लावतात. थोडी कसर कापून पैसे आपल्या खात्यात येतात, आणि ठरलेल्या तारखेला कंपनी बँकेला देते. २५० कोटींवरच्या उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५पर्यंत तिथं नोंदणी सक्तीची केली. भाच्यानं सगळं रीतसर केलं, बिल चढवलं. नोंदणी सक्तीची आहे, ‘मान्य’ हे बटण दाबणं सक्तीचं नाही. बिल ‘प्रलंबित’मध्ये आहे. भाचा रोज सकाळी बघतो. मी त्याला म्हटलं, त्यांच्या अकाउंट्समधल्या माणसाला एकदा जाऊन भेट. तो म्हणाला, मामा, तिथं आता माणूस नसतो, टिकेट टाकायचं असतं. मग ताईंनी कुठूनतरी त्या ऑफिसातल्या एका मुलीचा नंबर काढला. दोघी एकाच क्लासच्या निघाल्या.

ताईंचं आता १६ नंबरच्या स्टॉपजवळ स्वतःचं ऑफिस आहे. तीन मुली हाताखाली, पन्नासच्या वर धंद्यांची रिटर्न तिथून जातात. त्यात किराणावाल्या काकांचं दुकान आहे, आमची शेड आहे, आणि आयटीतली नोकरी सुटल्यावर घरगुती डबे पोचवायचा धंदा काढलेला एक मुलगाही आहे. बिलं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून आणणाऱ्याला त्या दारातूनच परत पाठवतात. अकरा आणि वीसच्या आदल्या दिवशी फोन घेत नाहीत. यंदा एप्रिलपासून त्यांनी फी वाढवली, निरोप व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकदम टाकला. कुणी घासाघीस केली नाही.